स्वतःचे केसपेपर कसे मागावेत आणि कोणाच्या हाती पडू देऊ नयेत

रुग्णालयातून घरी निघताना बिलाच्या पावतीबरोबर दोन-तीन पानांचे डिस्चार्ज कार्ड हातात पडते आणि हेच आपले सगळे रेकॉर्ड, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ते तसे नसते. डॉक्टरांनी राउंडच्या वेळी लिहिलेल्या नोंदी, परिचारिकांनी भरलेला ताप, नाडी आणि रक्तदाबाचा तक्ता, कोणते औषध किती वाजता दिले याची नोंद, शस्त्रक्रियेची आणि भुलेची टिपणे, सही केलेली संमतिपत्रे आणि तपासण्यांचे अहवाल यांची मिळून एक जाड फाइल तयार झालेली असते. तिला ‘इनडोअर केसपेपर’ म्हणतात आणि रुग्ण घरी गेल्यावर ती रेकॉर्ड रूममध्ये जमा होते. डिस्चार्ज कार्ड हा त्या फाइलचा कोणीतरी घाईत केलेला सारांश असतो.

माझ्या आईच्या बाबतीत हा फरक आम्हाला फार उशिरा कळला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी ती दाखल असताना एका इंजेक्शननंतर तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. तिथल्या परिचारिकेने फाइलच्या पहिल्याच पानाच्या कोपऱ्यात त्या औषधाचे नाव लाल शाईने लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘ॲलर्जी’ या शब्दापुढे ‘नाही’ असे छापून आले. दोन वर्षांनी दुसऱ्या रुग्णालयात भरती करताना डॉक्टरांनी ॲलर्जीबद्दल विचारले, तेव्हा आईला ‘कुठल्यातरी सुईने त्रास झाला होता’ एवढेच आठवत होते. जुनी फाइल मिळवण्यासाठी आम्ही ११ दिवस खेटे घातले, कारण आम्ही ती तोंडी मागत होतो. लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतल्यावर तीच फाइल तिसऱ्या दिवशी हातात आली. तेव्हापासून नात्यातल्या आणि ओळखीतल्या अनेकांचे असे अर्ज मी लिहून दिले आहेत, आणि पुढे जे सांगत आहे ते त्या अनुभवातूनच सांगत आहे.

अर्जामागचा आधार

भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांसाठी व्यावसायिक आचरणाचे विनियम केले. त्यांतील विनियम १.३ प्रमाणे आंतररुग्णाचे, म्हणजे दाखल झालेल्या रुग्णाचे, रेकॉर्ड उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून ३ वर्षे जपून ठेवावे लागते. आणि रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा कायदेशीर यंत्रणेने ते मागितले, तर मागणीची पोच देऊन ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. रेकॉर्ड न ठेवणे किंवा मागूनही या मुदतीत न देणे हे विनियम ७.२ नुसार गैरवर्तन ठरते. ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली अधिसूचित झाली होती, परंतु त्याच महिन्यात ती स्थगित करण्यात आली. त्यामुळे अर्जात २००२ च्या विनियमांचाच उल्लेख करावा. त्याआधी १९९६ सालीच मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते, की केसपेपरच्या प्रतींच्या बाबतीत डॉक्टर किंवा रुग्णालय रुग्णापुढे गोपनीयतेचे कारण पुढे करू शकत नाही आणि नेहमीचे शुल्क घेऊन त्या मागणीनुसार द्याव्याच लागतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत तर रुग्ण दाखल असताना शक्यतो २४ तासांत आणि घरी गेल्यानंतर ७२ तासांत प्रती मिळाव्यात, असे म्हटले आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनंतर रुग्णहक्कांची सनद खासगी रुग्णालयाने दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. अर्ज द्यायला जाल तेव्हा ती भिंतीवर कुठे आहे ते जरूर पाहा.

वरच्या ३ वर्षांच्या मुदतीकडे विशेष लक्ष द्यावे. ती डिस्चार्जच्या तारखेपासून मोजली जात नाही, उपचार सुरू झाल्यापासून मोजली जाते, आणि त्यानंतर फाइल नष्ट केली असे रुग्णालयाने सांगितले तर फारसे काही करता येत नाही. म्हणून शस्त्रक्रिया, प्रसूती, हृदयविकार, कर्करोग किंवा अपघात यांसाठी घरातले कोणी दाखल झाले असेल, तर गरज पडेपर्यंत थांबू नये. टाके काढायला जाल त्याच फेरीत अर्ज देऊन टाकावा.

अर्ज कसा लिहावा, कसा द्यावा

अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे करावा. लहान रुग्णालयात तो थेट उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नावे केला तरी चालतो. मजकूर लांबवू नये. मी साधारण असा लिहितो: ‘मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या रुग्णालयात दाखल होतो. माझा नोंदणी क्रमांक अमुक आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या व्यावसायिक आचरणविषयक विनियम २००२ मधील विनियम १.३.२ नुसार माझ्या संपूर्ण इनडोअर केसपेपरच्या प्रती ७२ तासांच्या आत मिळाव्यात. त्यांत डॉक्टरांच्या दैनंदिन नोंदी, परिचारिकांचे तक्ते, औषधांची नोंद, शस्त्रक्रियेची व भुलेची टिपणे, संमतिपत्रे आणि सर्व तपासणी अहवाल यांचा समावेश असावा. प्रतींचे शुल्क भरण्यास मी तयार आहे.’ नोंदणी क्रमांक डिस्चार्ज कार्डाच्या किंवा बिलाच्या वरच्या कोपऱ्यात सापडतो. कागदपत्रे कशासाठी हवी आहेत, हे लिहिण्याची गरज नाही. खिडकीवर विचारलेच तर ‘स्वतःच्या नोंदीसाठी’ एवढे सांगणे पुरेसे आहे आणि ते खरेही आहे.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक त्यांना द्यावी आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख व वेळ घ्यावी. वेळ नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा, कारण मुदत तासांत दिलेली आहे. ‘साहेब आल्यावर बघू’ असे सांगून पोच नाकारली, तर वाद घालू नये. तोच अर्ज रुग्णालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवावा आणि शिवाय टपालानेही धाडावा. जुनी रजिस्टर्ड पोस्टाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवावा.

रुग्ण स्वतः जाऊ शकत नसेल, तर त्याच्या सहीचे किंवा अंगठ्याचे अधिकारपत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि नेणाऱ्याचे ओळखपत्र लागते. मूल अल्पवयीन असेल तर आई किंवा वडील अर्ज करतात. रुग्णाचा मृत्यू झाला असेल, तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडून वारसाने अर्ज करावा. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेले असेल, तर काही ठिकाणी ‘तुम्ही डामा घेतला, आता कागद मिळणार नाहीत’ असे ऐकवले जाते. बिल बाकी असतानाही तेच होते. विनियमात असे कोणतेही अपवाद नाहीत, हे शांतपणे पण ठामपणे सांगावे.

प्रती मिळाल्यावर खिडकी सोडण्यापूर्वी पाने मोजावीत, प्रत्येक पानावर ‘खरी प्रत’ असा शिक्का आहे का ते पाहावे आणि मधली तारीख गायब नाही ना, हे तपासावे. फोटोकॉपीत लाल शाई काळी दिसते आणि फिकट पेन्सिल दिसतच नाही, म्हणून एखादे पान अस्पष्ट असेल तर मूळ फाइल समोर ठेवून वाचण्याची विनंती करावी. सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा छापील अहवाल पुरेसा नसतो. मूळ प्रतिमांची सीडी मागावी, कारण दुसऱ्या डॉक्टरला अहवालातल्या मतापेक्षा प्रतिमा स्वतः पाहायची असते. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला पेशींचा तुकडा) यांचीही लेखी मागणी करावी. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरून येणाऱ्या रुग्णाकडे नेमके हेच मागितले जाते आणि ते आणण्यासाठी लांबून आलेल्या कुटुंबाला पुन्हा गावी जावे लागल्याचे मी पाहिले आहे.

नोंदीत चूक आढळली, उदाहरणार्थ डाव्या गुडघ्याऐवजी उजवा लिहिला गेला, तर मूळ पानावर खाडाखोड करायला सांगू नये. तसे करणे कोणाच्याच हिताचे नाही. चूक कोणत्या पानावर आहे आणि बरोबर नोंद काय, हे लिहून देऊन तारीख व सहीसह स्वतंत्र दुरुस्ती-नोंद मागावी आणि डिस्चार्ज कार्ड सुधारून घ्यावे. विम्याच्या दाव्यात अशी एक चूक महिनोन्‌महिने अडकवून ठेवते.

७२ तास उलटले तर

पहिल्या अर्जाची पोच जोडून स्मरणपत्र द्यावे आणि प्रती न दिल्यास महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करणार असल्याचे त्यात लिहावे. बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात. परिषदेकडची तक्रार डॉक्टरविरुद्ध असते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी राज्यात वेगळ्या परिषदा आहेत. रुग्णालयाविरुद्ध तक्रार करायची तर ज्या यंत्रणेने त्याची नोंदणी केली तिच्याकडे, म्हणजे महापालिकेच्या हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागाकडे जावे. नुकसान झाले असेल आणि पैसे देऊन सेवा घेतलेली असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग २ वर्षांपर्यंत खुला असतो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात तेथे शुल्कही लागत नाही.

रुग्णालय सरकारी किंवा महापालिकेचे असेल, तर माहितीच्या अधिकाराखालीही अर्ज करता येतो: १० रुपयांचे कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांची मुदत, आणि महाराष्ट्रात मजकूर १५० शब्दांच्या आत. आपली स्वतःची माहिती आपल्यालाच देताना ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणे सयुक्तिक नाही, म्हणून ओळखपत्राची प्रत जोडून ‘ही माहिती माझ्या स्वतःविषयी आहे’ असे स्पष्ट लिहावे. तरीही माझा सल्ला असा, की पहिला अर्ज नेहमी ७२ तासांच्या विनियमाखालीच करावा. ३ दिवसांचे काम ३० दिवसांवर आपणहून नेऊ नये.

दुसरी बाजू: माहिती कोणाला जाऊ द्यायची नाही

स्वतःची फाइल मिळवण्याइतकेच ती दुसऱ्याला मिळू न देणे महत्त्वाचे आहे, आणि या बाबतीत आपण समाज म्हणून फार ढिले आहोत. ओपीडीच्या दारात चार रुग्ण एकदम आत घेतले जातात, खिडकीवर नावासह आजार मोठ्याने विचारला जातो, शेजारी भेटायला आले की खाटेला अडकवलेली फाइल उचलून वाचतात. विनियम ७.१४ प्रमाणे, उपचार करताना कळलेले रुग्णाचे गुपित डॉक्टरला उघड करता येत नाही. न्यायालयाचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले रोग हेच त्याला अपवाद आहेत. ओळख पटेल असे रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीविना प्रसिद्ध करता येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, तेव्हापासून या कर्तव्याला राज्यघटनेचे बळही मिळाले आहे.

नातेवाइकांचा प्रश्न आपल्याकडे नाजूक असतो. अपवादांत नवरा, मुलगा, सासू किंवा गावाकडून आलेले काका यांचा उल्लेख नाही, हे लक्षात घ्यावे. भरती होतानाच ‘माझ्या प्रकृतीची माहिती फक्त अमुक व्यक्तीला द्यावी’ असे एक वाक्य प्रवेश अर्जावर लिहून सही करावी. डॉक्टरांचीही त्यामुळे सोय होते, कारण दहा जणांना दहा वेळा उत्तर देणे त्यांनाही नको असते. तपासणी किंवा चर्चा चालू असताना बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगावे, अशी विनंती करण्यात संकोच बाळगू नये.

काही आजारांना कायद्याचे स्वतंत्र संरक्षण आहे. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार न्यायालयाच्या आदेशाशिवाय कोणालाही स्वतःची एचआयव्ही स्थिती उघड करण्याची सक्ती करता येत नाही. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव व तपशील उघड करणाऱ्या डॉक्टरला, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क कलम २३ मध्ये आणि स्वतःचे रेकॉर्ड पाहण्याचा हक्क कलम २५ मध्ये दिला आहे. रुग्णाला गंभीर मानसिक इजा किंवा इतरांना अपाय होण्याची शक्यता असल्यास त्यातील काही भाग डॉक्टर रोखू शकतात, पण मग पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करण्याचा हक्क आहे, हे त्यांनी रुग्णाला सांगावे लागते.

गळती बहुधा चोरीने होत नाही, सवयीने होते. प्रयोगशाळेच्या रेकॉर्डमध्ये जुना मोबाइल क्रमांक राहतो आणि तो क्रमांक कंपनीने दुसऱ्याला दिल्यावर तुमचा अहवाल त्याच्या व्हॉट्सॲपवर जातो. म्हणून क्रमांक बदलला की प्रयोगशाळा, औषधाचे दुकान आणि विमा कंपनी या तिघांना कळवावे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढण्यासाठी अहवाल दुकानदाराच्या क्रमांकावर पाठवला असेल, तर प्रिंट हातात आल्यावर स्वतःच्या फोनवरून ‘सर्वांसाठी हटवा’ करावे आणि संगणकावर उतरवलेली फाइलही त्याच्याकडून डोळ्यांसमोर पुसून घ्यावी. मदतीचे आवाहन करताना आजारी माणसाचा केसपेपर आणि आधार कार्ड गटागटांत फिरवले जाते. मदत करणाऱ्याला रुग्णालयाचा अंदाजपत्रकाचा कागद पुरतो, आणि त्यावरचा पत्ता व फोनही झाकता येतो. कार्यालयाने पूर्ण अहवाल मागितला, तर तो कशासाठी हवा हे लेखी विचारावे. बहुतेक वेळा फिटनेस प्रमाणपत्रावर काम भागते. विम्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे आजार लपवला तर दावाच बुडतो, म्हणून माहिती खरी द्यावी, मात्र टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) कोणते कागद गेले त्यांची एक प्रत कॅशलेसच्या टेबलावरून मागून घ्यावी.

आभा आणि नवा विदा (डेटा) कायदा

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातील ‘आभा’ हा आपले आरोग्याचे अहवाल जोडणारा १४ अंकी क्रमांक म्हणजे ५ लाखांच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड नव्हे. हा घोळ रोज होतो. आभा ऐच्छिक आहे आणि तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. या रचनेत अहवाल एका ठिकाणी जमा होत नाहीत. ते ज्या त्या रुग्णालयाकडे राहतात आणि तुमच्या संमतीने दुसऱ्याला दिसतात. संमतीची विनंती फोनवर आली की ती कोणाकडून आहे, कोणत्या प्रकारचे कागद आणि कोणत्या काळातले कागद मागितले आहेत आणि संमती कधीपर्यंत राहणार, एवढे वाचूनच मान्यता द्यावी. दातांच्या डॉक्टरला पाच वर्षांपूर्वीचा मानसोपचाराचा कागद दिसण्याचे काही कारण नाही. दिलेली संमती मागे घेता येते, पण जे वाचले गेले ते वाचले गेलेच. नोंदणीच्या खिडकीवर कोणी ओटीपी मागितला, तर तो कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय सांगू नये.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. आपल्या कामाची कलमे मात्र नियमांनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. तेव्हापासून आपली कोणती माहिती कोणाकडे आहे हे विचारणे, ती दुरुस्त करून घेणे, अनावश्यक झालेली पुसून घेणे आणि आपल्या मृत्यूनंतर हे हक्क वापरण्यासाठी कोणालातरी नामनिर्देशित करणे, हे हक्क मिळतील. संमतीची सूचना मराठीतही मिळण्याची सोय कायद्यात आहे; ती आवर्जून मागावी. पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, मात्र तो सरकारी तिजोरीत जातो, रुग्णाला त्यातून भरपाई मिळत नाही. ही मला या कायद्याची मोठी उणीव वाटते. शिवाय हा कायदा फक्त डिजिटल माहितीचा आहे. रेकॉर्ड रूममधल्या गठ्ठ्यांना तो लागू होत नाही.

तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३अ आणि २०११ चे नियम लागू आहेत. त्यांत वैद्यकीय रेकॉर्ड ‘संवेदनशील’ माहितीत मोडते, आणि संस्थेने तक्रार अधिकाऱ्याचे नाव संकेतस्थळावर द्यावे व तक्रार एका महिन्यात निकाली काढावी लागते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे तेथील काम कागदावर चालवावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेवर ही वेळ येते, तेव्हा लहान केंद्रांच्या संगणकांबद्दल प्रश्न विचारणे अगदी रास्त आहे.

आपली माहिती फुटल्याचे लक्षात आले, तर आधी पुरावा जपावा: संदेशाचा स्क्रीनशॉट, पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ. मूळ संदेश रागाच्या भरात पुसू नये आणि पुढे पाठवूही नये. त्यानंतर संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवून तीन गोष्टी विचाराव्यात: कोणती माहिती बाहेर गेली, ती कोणाकोणाला गेली, आणि ती काढून टाकण्यासाठी काय केले. महिन्याभरात उत्तर आले नाही, तर कलम ४३अ खालील भरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे, डॉक्टरने गुपित उघड केले असल्यास वैद्यक परिषदेकडे, आणि ब्लॅकमेल किंवा पैशांची मागणी होत असेल तर एक दिवसही न थांबता सायबर पोलिसांकडे जावे.